औषधापूर्वींचा रक्तदाब : पांचगणी आणि औंध

रक्तदाब मोजण्याचें पाऱ्याचें यंत्र इटलींतील रिव्हा-रोच्ची यांनीं १८९६ सालीं सिद्ध केलें. पण वाढलेला दाब खात्रीनें उतरविणारें औषध त्यानंतर अर्धशतकपर्यंत आलें नाहीं. आकडा कळे, उपाय मात्र पथ्य, विश्रांति आणि धीर एवढाच. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब अत्यंत चढलेला असे. १९४५ सालीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते वारले.

गांधीजींचा दाब १९ फेब्रुवारी १९४० रोजीं २२०/११० असा नोंदला गेला होता. ६ मे १९४४ ला आगाखान महालांतून सुटल्यावर ते आधीं जुहूस राहिले, आणि जुलैंत सातारा जिल्ह्यांतील पांचगणीस आले. मिताहार, फिरणें, प्रार्थना आणि सोमवारचें मौन हा त्यांचा नित्यक्रम होताच. त्यास डोंगरावरील थंड हवेची जोड मिळाली. परंतु १७ जुलैस याच रुग्णानें तेथून जीनांना आणि चर्चिलना पत्रें धाडलीं! पथ्यांत सर्वांत अवघड तें मनाच्या विश्रांतीचेंच.

दुसरी वाट औंधाची. तेथील अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं सूर्यनमस्कार आपल्या दिनचर्येंत आणि संस्थानच्या शाळांत रुजविले. आज सांगली जिल्ह्यांत असलेलीं आटपाडी व कुंडल हीं गांवें त्याच संस्थानांतलीं. १९३८ सालीं त्यांचें या व्यायामावरील इंग्रजी पुस्तक लंडनास निघालें. त्यांचा रोख रक्तदाबावर नव्हता, सर्वांगाच्या आरोग्यावर होता. ते ब्याऐंशी वर्षें जगले. मात्र एकाच्या दीर्घायुष्यानें कोणताहि सिद्धांत ठरत नाहीं.

तरी या दोन वाटांतील बराचसा भाग पुढील शास्त्रानें उचलून धरला. नियमित व्यायाम, बेताचें वजन आणि दिवसास पांच ग्रॅमहून कमी मीठ यांनीं दाब उतरतो. लोणचें-पापडांवर हात राखणें ही मराठी घरांतली खरी कसोटी.

१९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तुम वकील यांनीं सर्पगंधेवरील आपला निबंध ब्रिटिश वैद्यकपत्रांत प्रसिद्ध केला, आणि औषधांचें युग उजाडलें. त्यामुळें पथ्य निरुपयोगी झालें नाहीं. केवळ पथ्यावर जीव टांगून ठेवण्याची सक्ति तेवढी संपली. सौम्य दाबास दिनचर्या पुष्कळदां पुरते. चढलेल्या दाबास दोन्ही लागतात, आणि चालू औषध आपल्या मनानें सोडणें हें पथ्य नव्हे, तो जुगार आहे.