मराठवाड्याच्या उन्हात थंड पाण्याचा फुलपाखरू मासा

घरगुती मत्स्यालय म्हटले की गोल्डफिश, गप्पी किंवा फार तर एंजल असलेली काचेची पेटी डोळ्यांसमोर येते. खाऱ्या पाण्याची टाकी ही त्यापुढची पायरी. त्याच टाकीत उष्ण कटिबंधातील प्रवाळाऐवजी थंड समुद्रातील दुर्मीळ फुलपाखरू मासा ठेवायचा, तर तो हौसेचा सर्वांत खर्चिक आणि जोखमीचा प्रकार ठरतो. छत्रपती संभाजीनगरपासून जालना रस्त्यावर वीसेक किलोमीटर अंतरावर असलेल्या करमाडसारख्या गावी, जेथे मे महिन्यात पारा सहज चाळिशी गाठतो आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तेथे हे शक्य आहे काय? शक्य आहे, परंतु त्यासाठी मासा विकत घेण्यापूर्वी बरेच गणित मांडावे लागते.

फुलपाखरू माशांच्या किटोडॉन्टिडी या कुलात सुमारे 130 जाती आहेत. बहुतेक साऱ्या उबदार पाण्यातील प्रवाळ खडकांवर राहतात. काही थोड्या जाती मात्र 16 ते 22 अंश सेल्सिअसच्या पाण्यात रमतात. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरील व लॉर्ड हाऊ बेटाजवळील अँफिकीटोडॉन हॉवेन्सिस, दक्षिण ऑस्ट्रेलियातील चेलमोनॉप्सच्या जाती आणि कॅलिफोर्नियापासून गॅलापॅगोसपर्यंत आढळणारा, अंगावर विळ्यासारखा काळा पट्टा असलेला प्रोग्नॅथोडिस फॅल्सिफर ही त्यांची ठळक उदाहरणे. जपानच्या ओगासावारा बेटांकडील जाळीदार काळसर किटोडॉन डीडाल्मा याला किंचित अधिक ऊब चालते.

मराठी वाचकाला यात एक जवळचा धागा सापडेल. आपल्याच अरबी समुद्रात या कुलातील एक खोल पाण्यातील जात आहे आणि तिला एका मराठी माणसाचे नाव आहे. रोआ जयकरी ही ती जात. ब्रिटिश म्युझियमचे मत्स्यतज्ज्ञ नॉर्मन यांनी 1939 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि लेफ्टनंट कर्नल आत्माराम सदाशिव जयकर यांचे नाव तिला दिले. जयकर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील शल्यचिकित्सक. त्यांची बहुतेक सारी कारकीर्द मस्कत येथे गेली. दवाखाना सांभाळून त्यांनी ओमानच्या किनाऱ्यावरील मासे, सरडे, साप यांचे नमुने गोळा करून लंडनला पाठविले. ओमानची रानशेळी, एक समुद्रघोडा, वाळूतील एक अजगरवंशीय साप अशा अनेक प्राण्यांच्या शास्त्रीय नावांत आज ‘जयकरी’ हा शब्द आहे. अल दमीरी यांच्या मध्ययुगीन अरबी प्राणिकोशाचे इंग्रजी भाषांतरही त्यांनीच केले. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसावे, याची खंत वाटते.

रोआ जयकरी तांबड्या समुद्रापासून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आढळतो. पांढऱ्या अंगावर तपकिरी रुंद पट्टे आणि पाठीच्या परावर काळा डोळ्यासारखा ठिपका, असे त्याचे रूप. अरबी समुद्राचा पृष्ठभाग 28 अंशांवर असला तरी दीडशे-दोनशे मीटर खाली पाणी वीस अंशांच्या आसपास असते. म्हणूनच खोल पाण्यातील या जातीची गणना थंड पाण्याच्या माशांत करावी लागते. मात्र ट्रॉलरच्या जाळ्यातून झपाट्याने वर आलेल्या अशा माशाची वाताशयाची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते आणि तो क्वचितच जगतो. सावकाश वर आणून, दाबाशी जुळवून घेऊ दिलेला मासाच घ्यावा. विक्रेत्याकडे याचे समाधानकारक उत्तर नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

आता टाकी. चार फूट लांब, दोन फूट रुंद, सुमारे 400 लिटरची टाकी ही किमान गरज समजावी. खोलीत 35 अंश आणि टाकीत 20 अंश ठेवायचे, तर साध्या काचेतून आत शिरणारी उष्णता अंदाजे अडीचशे वॅट भरते. पंपांची उष्णता त्यात आणखी मिसळते. पाठ, दोन्ही बाजू आणि तळ यांना दोन इंची थर्माकोल लावून वर झाकण ठेवले की हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. हजारो रुपयांचा चिलर घेण्यापूर्वी शे-दोनशे रुपयांचा थर्माकोल लावावा, हा सल्ला दुकानात सहसा मिळत नाही. चिलर टाकीतील उष्णता बाहेर फेकतो. तो बंद खोलीत ठेवला तर खोलीच तापते आणि यंत्र स्वतःशीच झगडत राहते. त्याला खिडकीजवळ, सावलीत, मोकळी हवा मिळेल असे ठेवावे.

पावसाळ्यात वेगळीच अडचण उभी राहते. हवेतील ओलाव्यामुळे वीस अंशांच्या काचेवर दव साचून पाणी ठिबकू लागते. लाकडी स्टँड फुगतो, विजेच्या जोडण्या ओल्या होतात. समोरची काच दुहेरी असावी आणि सर्व प्लग टाकीच्या पातळीपेक्षा वर असावेत. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने हा त्रास जवळजवळ नसतो.

खरी कसोटी वीज जाते तेव्हा. 400 लिटर पाणी थर्माकोलविना दर तासाला सुमारे अर्धा अंश तापते. सहा तासांत तीन अंश. थर्माकोलसह हा वेग निम्मा होतो, म्हणजे सायंकाळपर्यंत वाट पाहण्याइतकी मुदत मिळते. एक लिटर पाण्याची गोठविलेली बंद बाटली टाकीचे तापमान साधारण पाव अंशाने उतरविते, म्हणून शीतकपाटात आठ-दहा बाटल्या कायम ठेवाव्यात. बर्फ थेट टाकू नये, क्षारता घटते. त्याहूनही आधी विझतो तो प्राणवायू. थंड खाऱ्या पाण्यात तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, 28 अंशांना साडेसहाच्याही खाली. शिवाय संभाजीनगर परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने हवेचा दाब कमी आणि विरघळणारा प्राणवायू आणखी सहा-सात टक्के कमी. बॅटरीवर चालणारा हवापंप येथे चैनीची वस्तू नव्हे.

मीठ स्वयंपाकघरातील चालणार नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम क्लोराइड सुमारे 78 टक्केच असते. उरलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट आदी घटक असलेले मत्स्यालयाचे मीठच हवे. लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने पहिल्या भरणीला 14 किलो लागते. दगडी पठारावरील बोअरचे पाणी कठीण, त्यामुळे ते आरओ यंत्रातून गाळून घ्यावे. या यंत्रातून एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते. टँकरवर विसंबणाऱ्या गावात ही उधळपट्टी शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येईल आणि ते योग्यच आहे. ते पाणी भांडी, फरशी यांसाठी साठवून वापरण्याची सोय आधी करावी. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना मात्र खारे नव्हे, साधे शुद्ध पाणीच घालावे.

टाकी मुरविताना एक युक्ती उपयोगी पडते. अमोनियाचे विघटन करणारे जिवाणू थंडीत सावकाश वाढतात, म्हणून पहिले सहा आठवडे पाणी 26 अंशांवर ठेवून, अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावर ते टप्प्याटप्प्याने थंड करावे.

खाण्याच्या बाबतीत या जाती प्रवाळभक्षक भाऊबंदांपेक्षा सोशिक आहेत. कोळंबीचा कीस, मायसिस, आर्टेमिया त्या स्वीकारतात. नवखा मासा तोंड लावत नसेल तर अर्धी उघडलेली तिसरी खडकात ठेवावी. टोकदार तोंडाने शिंपल्यातले मांस टोचून खाणे त्याच्या स्वभावातच आहे. नवा मासा किमान सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरील तांब्याचे औषध फुलपाखरू माशांना सोसत नाही, मात्रा चुकली की रोगाआधी औषधच मारते. लांबच्या प्रवासातून आलेली पिशवी उघडल्यावर पाण्याचा सामू चढतो आणि साचलेला अमोनिया घातक होतो. म्हणून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी मिसळत बसू नये. क्षारता व तापमान आधीच जुळवून मासा लगेच हलवावा.

कायद्याचे भान आवश्यक आहे. परदेशी माशाच्या आयातीला केंद्राची परवानगी व विलगीकरण लागते. बिल मागून घ्यावे. कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा ‘जिवंत खडक’ म्हणून विकला जाणारा प्रवाळाचा तुकडा घरी आणणे गुन्हा ठरू शकतो. 1987 मध्ये घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातून काहीही उचलू नये. सजावटीला सिरॅमिकचे सच्छिद्र खडक पुरतात.

एवढे करूनही घाई नको. टाकी, चिलर आणि थर्माकोल बसवून एप्रिल ते जूनमध्यापर्यंत त्यात केवळ खारे पाणी फिरते ठेवावे. रोज दुपारी तीन वाजता आणि प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तापमान वहीत टिपावे. त्या वहीत 23 हा आकडा दोन-तीनदाही दिसला, तर त्या वर्षी मासा मागवू नये.