पोटखराबा

सात-बाराच्या उताऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. जमीन घेणारा क्षेत्र बघतो, मालकाचे नाव बघतो, बँकेचा बोजा बघतो. या रकान्यावर सहसा कुणी थांबत नाही. शब्दाचा मागचा अर्धा भाग उर्दूतही आहे. ‘ख़राबा’ म्हणजे ओसाड जागा. त्याला मराठी ‘पोट’ जोडले की शेताच्या पोटातली, पिकाखाली नसलेली जागा. मामलतदार, तहसील, हद्द, महसूल, नकाशा... जमिनीची आपली सगळी भाषाच अशी मिश्र आहे. दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला याचे अप्रूप वाटते, पण आज विषय व्याकरणाचा नाही.

पोटखराब्याचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे खडकाळ वगैरे, लागवडीला नालायक जमीन. ‘ब’ वर्ग वेगळा आहे. रस्ता, पाऊलवाट, इतरांच्याही वापरातला ओढा किंवा तळे, पिण्याच्या पाण्याची जागा, स्मशान आणि दफनभूमी या सगळ्यांना १९६८ च्या जमीन महसूल नियमांनी एकाच ओळीत बसवले आहे. या जागेवर आकारणी नाही, कारण ती एकट्याची नाही. कब्रस्तानाच्या हद्दीत कुणी दोन फूट सरकले तर आपली मंडळी जुम्याच्या नमाजनंतर थांबून चर्चा करतात. त्याच ओळीतला ओढा बुजवला जातो तेव्हा कुणी थांबत नाही.

आमच्या आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. अशा ठिकाणी जमिनीला भाव येणारच. शेताचे प्लॉट पडतात, सखल भागात मुरमाची भर पडते, ओढ्यात सिमेंटचे दोन पाइप टाकून वरून रस्ता जातो. मागे एका विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले, “सर, खालच्या बाजूचा प्लॉट स्वस्तात मिळतोय. लेव्हल करून देणार आहेत.” मुंबईत भाड्याच्या खोलीत उमेदीची वर्षे गेलेला माणूस गावाकडे दोन गुंठे शोधतो तेव्हा त्याच्या ऐपतीत बसते ती अशीच जागा. उंचावरचा प्लॉट आधीच गेलेला असतो. तो स्वस्त का आहे, हे मात्र पहिल्या जोरदार पावसात कळते.

झाडाच्या बुंध्याभोवती पाणी थांबावे म्हणून मातीचा गोल बांध घालतात, त्यालाही मराठीत आळेच म्हणतात. गावाच्या नावाशी हे जोडण्याचा मोह होतो. पण तो मोहच.

पाणथळ जागा भरून वस्ती करणे हे काही आजचे नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार काही काळ आपल्या जुन्नरहून चालवला. पुढे त्याने खडकी वसवली, तेच औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. अंबरने उत्तरेच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात खेळवले. नहर-ए-अंबरीचे कौतुक आपण नेहमी करतो, करावेही. पण त्याच शहराची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. उत्तरेच्या तटाला लागून मोठे तळे होते. त्याची दमट हवा आरोग्याला बाधते म्हणून औरंगजेबाने महालालगतचा भाग बुजवून तिथे शेते करवली, अशी नोंद १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे बादशहालाही तळे नकोसे झाले होते! तरी त्याने तिथे शेते केली, घरे नाहीत. शेतात पाणी मुरते, हा फरक मला मोठा वाटतो. दिल्ली दरवाजाजवळचा खिजरी तलाव आजही आहे. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचे नाव मिळालेले हे सरोवर आता पक्ष्यांसाठी ओळखले जाते.

पुण्याचा आंबिल ओढा पेशवाईत वळवला गेला. त्याच्या वरच्या अंगाला कात्रजला तलाव बांधला, म्हणजे पाण्याला थांबायला जागा दिली. नंतरच्या काळात काठावर वस्त्या दाटल्या, पात्र आवळले गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला. त्या पावसाने शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. ओढ्याकाठी जास्त मार बसला तो भिंतीला भिंत लागलेल्या छोट्या घरांना.

मग कायदा काय करतो? पाणथळ जागांचे केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, पण त्यांच्या व्याख्येतून नदीचे पात्र वगळले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशयही वगळले आहेत. गंमत अशी, की २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मध्यमेश्वर सिंचनाच्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले. ओढा आणि पाझर तलाव यांपलीकडे खेड्यात दुसरी पाणथळ जागा ती कोणती असते? थोडक्यात, या नियमांत आमच्यासारख्या गावाच्या हाताला फारसे काही लागत नाही.

हाताला लागतो तो इंग्रजांच्या काळातला १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा. नैसर्गिकरीत्या वाहणाऱ्या पाण्याला कुणी बेकायदा अडथळा केला आणि त्याने शेजारच्या जमिनीला बाधा पोहोचली, तर तो काढून टाकण्याचा आदेश कलम ५ खाली तहसीलदार देऊ शकतात. शेतरस्त्याच्या भांडणात लोक याच कलमाचा आधार घेतात. ते पाण्यालाही लागू आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

मुदत सहा महिन्यांची आहे. फेब्रुवारीत पडलेल्या मुरमाकडे दिवाळीला लक्ष गेले तर ती टळलेली असते. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मी सांगितले, इसार देण्याआधी जुन्नरच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा, ओढ्याच्या रेषा कुठून जातात ते बघा, आणि सात-बारावर पोटखराबा ‘ब’ किती आहे तेही वाचा. नकाशा आणायला ते पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. प्लॉटवाल्याचा फोन मात्र रोज येतो आहे.