पब, भट्टी आणि वर्धा नदी

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या असणार. जिल्हा वर्धा, म्हणजे गांधी-विनोबांचा, म्हणजे कायद्याने कोरडा. आणि वडनेरच्या श्रोत्यांसमोर आम्ही बोलणार इंग्लंडच्या खेड्यांतल्या पबांबद्दल, तिथं लोक काय खातात-पितात याबद्दल! पण आम्हाला विचाराल तर हा विषय मांडायला याहून बरी जागा सापडणं कठीण आहे. कारण सांगतो.

वडनेर नागपूर–हैदराबाद रस्त्यावर आहे. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग 7 होता, 2010 च्या नव्या क्रमांकांनुसार 44 झाला. हिंगणघाट सोडून दक्षिणेला निघालं की वडनेर लागतं, पुढे वर्धा नदी येते, आणि पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. अलीकडच्या तीरावर दारूच्या दुकानाला परवाना मिळत नाही, पलीकडच्या तीरावर मिळतो. नदी तीच, कपाशी तीच, लग्नसंबंध दोन्हीकडे, पण परवाना एकाच बाजूला. पब म्हणजे काय हे समजायचं असेल तर सुरुवात परवान्यापासूनच करावी लागते. बिअर नंतर येते.

पब हा शब्द ‘पब्लिक हाऊस’चं लघुरूप. घरच, पण सगळ्यांना खुलं. इंग्लंडच्या खेड्यात तुम्ही गेलात तर दारावर रंगवलेली पाटी टांगलेली दिसते: लाल सिंह, नांगर, राजाचा मुकुट, पांढरा घोडा. ही पाटी नुसती हौस नाही. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात, 1393 मध्ये, बिअर विकणाऱ्याने पाटी लावलीच पाहिजे असा नियम झाला, म्हणजे तपासनीसाला घर सापडावं. लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं. सरकारी तपासणीची खूण पुढे गावाची शोभा झाली!

आत गेल्यावर आपल्याकडच्या माणसाची पहिली पंचाईत होते ती बसल्यावर. तो टेबलाशी बसतो आणि वेटरची वाट बघत राहतो. कुणी येत नाही. जुन्या पद्धतीच्या पबमध्ये स्वतः उठून काउंटरपाशी जायचं, मागायचं, तिथंच पैसे द्यायचे, ग्लास घेऊन यायचं. रांग दिसत नाही, पण कोण आधी आला हे सगळ्यांना माहीत असतं. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, आपल्या अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. चार जण असतील तर एक जण चौघांसाठी आणतो, मग दुसरा, मग तिसरा. याला राऊंड म्हणतात, आणि आपली पाळी चुकवणारा माणूस गावात नाव गमावतो. जेवायला पाय म्हणजे मांसाचं सारण भरलेली कवचाची मोठी करंजीच म्हणा, मासे आणि बटाट्याचे तुकडे, रविवारी दुपारी भाजलेलं मांस आणि त्यावर ओतायचा रस्सा.

आणि एक थाळी असते ‘प्लाऊमन्स लंच’ नावाची. नांगऱ्याची न्याहारी: पाव, चीज, लोणचं, कांदा. ही शेकडो वर्षांची परंपरा आहे असं वाटतं. नांगऱ्यानं पाव-चीज खाल्लं हे खरंच, आपल्या शेतकऱ्यानं भाकर-कांदा खाल्ला तसंच. पण त्या नावाची थाळी पबमध्ये रुजली ती 1950-60 च्या दशकांत, चीजचा खप वाढावा म्हणून दूध-चीज व्यवसायाच्या मंडळांनी जाहिरात केली म्हणून. पबमध्ये नीट जेवण मिळणं हीसुद्धा बऱ्यापैकी नवी गोष्ट आहे. जेवणासाठीच पबला जायची शहरी टूम तर लंडनच्या क्लार्कनवेल भागातल्या ‘द ईगल’पासून, म्हणजे 1991 पासून मोजतात. परंपरा म्हणून जे ताटात येतं ते कुणी, कधी वाढलं, हे विचारत जावं. झुणका-भाकरीच्या पाट्या लागलेली महामार्गावरची हॉटेलं बघताना आम्हाला हेच आठवतं.

आता परवाना. इंग्लंडात दारू विकायची मुभा स्थानिक दंडाधिकारी देत. दुकान चालवणारा माणूस कसा आहे, घर नीट आहे का, भांडणं होतात का, हे पाहून. 1830 मध्ये सरकारने बिअरसाठी ही अट सैल केली: दोन गिनी भरा आणि बिअर विका. हेतू असा की लोक कडक जिनकडून बिअरकडे वळतील. झालं काय, हजारो नवी बिअरघरं उघडली, आणि पुढच्या कायद्यांनी पुन्हा दोर आवळावे लागले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कामगार झिंगून येऊ नयेत म्हणून पब दुपारी बंद ठेवायचा नियम आला. युद्ध 1918 ला संपलं, इंग्लंडात दुपारची बंदी उठली 1988 ला. सरकारी नियम एकदा बसला की उठायला किती वेळ घेतो बघा.

आणि आता वडनेरच्या सगळ्यात जवळची गोष्ट, वेल्सची. तिथं चर्चचा आणि दारूविरोधी चळवळीचा जोर मोठा. 1881 मध्ये कायदा झाला की वेल्समध्ये रविवारी पब बंद. इंग्लंडात मात्र चालू! मग सीमेवरचे लोक काय करणार? चालत, सायकलवर, पुढे बसने पलीकडे जाऊ लागले. कायद्यात आणखी एक मजेशीर पळवाट होती. खऱ्या प्रवाशाला बंदच्या वेळीही पाजता येई, आणि खरा प्रवासी कोण, तर ज्यानं आदली रात्र तीन मैलांपलीकडे काढली आहे तो. त्यामुळे रविवारी तीन मैल चालण्याची अनेकांना एकदम गोडी लागली. 1961 पासून दर सात वर्षांनी जिल्हावार मतदान घेऊन लोकांनीच ठरवायचं असं झालं. एकेक जिल्हा ‘ओला’ होत गेला, आणि शेवटचा कोरडा भाग, द्वीफोर, 1996 मध्ये ओला झाला. एकशे पंधरा वर्षं!

आपली नदीही अशीच सीमा होत आली आहे. 1803 च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी घेतला, त्याच सुमारास नागपूरचं राज्यही खालसा झालं. म्हणजे दोन्ही तीर इंग्रजांच्या हाताखाली आले, पण एका कारभारात नव्हे: अलीकडे मध्य प्रांत, पलीकडे हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखालचं वऱ्हाड. दोन्ही एकत्र आले ते 1903 मध्ये. तोपर्यंत नदीच्या दोन काठांवर दोन अबकारी खाती होती.

आणि हे अबकारी खातं इंग्लंडातल्या परवाना पद्धतीसारखं मुळीच नव्हतं, हा आमचा आजचा मुख्य मुद्दा. तिथं विचारत, माणूस कसा आहे? इथं विचारत, बोली किती? दारू विकायच्या हक्कांचा लिलाव होई. जास्त बोली लावणारा ठेकेदार आपले पैसे वसूल करायला जास्तीत जास्त विकणार, हे उघडच आहे. मोहाची फुलं वेचून घरी दारू गाळणं हा गुन्हा ठरला, आणि तीच दारू ठेकेदाराकडून विकत घेणं हा महसूल ठरला. इंग्लंडातल्या दारूविरोधी मंडळींनाही हे खटकलं. 1889 मध्ये हिंदुस्थानच्या अबकारी धोरणावर टीका करणारा ठराव तिथल्या कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला. धोरण मात्र पुढेही महसुलाकडे डोळा ठेवूनच चाललं.

एकाच राज्यकर्त्याच्या दोन परवान्यांतून दोन जागा तयार झाल्या. तिकडे शेकोटी, बाक, पाटी, राऊंड. इकडे भट्टी: उभ्याने घ्यायचं, चकणा तोंडात टाकायचा, तोंड पुसून निघायचं, आणि बायको-मुलांनी त्या दिशेला बघायचंही नाही. आमचे लोक मुळातच बेताल पितात आणि गोरे सभ्यपणे पितात, असं जे बोललं जातं, त्यात लिलावाचा हिशेब कुणी धरत नाही.

जाता जाता एक गोष्ट. उत्तम पब कसा असावा यावरचा सगळ्यात गाजलेला लेख जॉर्ज ऑर्वेलचा, 1946 सालचा. त्यानं एका लंडनच्या पबचं वर्णन केलंय आणि शेवटी कबूल केलंय की असा पब कुठेच नाही. हा ऑर्वेल जन्मला बिहारात मोतिहारीला, 1903 मध्ये, आणि त्याचे वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. नशेतून मिळणाऱ्या सरकारी महसुलावर त्या घराचा पगार चालायचा!

पण सगळा दोष अबकारीवर टाकला तर तेही खोटं होईल. पब्लिक हाऊसमधलं ‘पब्लिक’ आपल्याकडे कुठं होतं? हिंगणघाटचा कापूस गाड्यांनी जायचा तेव्हा गाडीवान रस्त्यात थांबे, पण स्वतःचं स्वतः रांधी, तीन दगडांची चूल मांडून. सराई होती, धर्मशाळा होती, पाणपोई होती. सगळ्या जातींनी एका बाकावर बसून कुणाच्याही हातचं खायचं अशी जागा नव्हती. 1870 च्या दशकात हिंगणघाटला रेल्वे आली, स्टेशनं आली, चहा आला, हॉटेलं आली, आणि त्यांच्याबरोबर वेगळ्या कपबश्याही आल्या. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी यांत जातीवरून कुणाला अडवता येणार नाही हे 1950 मध्ये राज्यघटनेच्या कलम 15 ने सांगितलं, आणि 1955 च्या कायद्याने अडवणाऱ्याला शिक्षा ठेवली. आपलं ‘पब्लिक हाऊस’ कायद्याने तेव्हा जन्मलं म्हणा. महामार्गावरचा ढाबा आम्हाला म्हणून महत्त्वाचा वाटतो. खाटेवर शेजारी कोण बसलंय हे ट्रकवाला विचारत नाही. दाल, तंदुरी रोटी, सावजीचा जळजळीत रस्सा, आणि पैसे जाताना.

आता दारूबंदी. गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आले, 1936 मध्ये शेगावला राहायला गेले, तेच पुढे सेवाग्राम. दारूबंदी त्यांच्या विधायक कार्यक्रमात होती. मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेस मंत्रिमंडळाने 1938 मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि निवडक भागांत लावला. मुंबई राज्याचा कायदा 1949 चा. महाराष्ट्रात आजही तोच मूळ आधार आहे, म्हणून कायद्यानं पाहिलं तर महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे स्वतःचाही परवाना असावा लागतो. वर्धा जिल्हा कोरडा झाला 1970 च्या दशकात. गडचिरोली नंतर, 1993 ला. चंद्रपूर 2015 ला कोरडा झाला आणि 2021 ला पुन्हा ओला.

कोरडा म्हणजे किती कोरडा, हे वडनेरकरांना आम्ही काय सांगणार! वर्तमानपत्र उघडलं की मोहा सडवा जप्त, वॉश आउट मोहीम, गाडीतून पेट्या पकडल्या. बंदी उठवा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद याच बातम्यांवर उभा आहे: लोक पितातच, मग निदान शुद्ध पिऊ द्या. याला आम्ही एक आठवण देतो. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, आणि मुंबईत परवानाधारक दुकानांना तोटा नाही. गरिबाला स्वस्त हवं असतं, आणि बंदी असो-नसो, स्वस्त विकणारा सापडतो. उलट बंदीवाल्यांनाही विचारावं लागेल की पन्नास वर्षांत पकडलेल्या गाड्यांपलीकडे काय उभं केलं? संध्याकाळी बसायची, बोलायची जागा कुठं आहे? पारावर पुरुष आहेत. बाईने कुठं बसायचं?

बायांचं मत मात्र कायद्याने एके ठिकाणी ऐकलं जातं. ओल्या जिल्ह्यांत गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. वेल्समधल्या मतदानाची ही आपली आवृत्ती, आणि आमच्या मते अधिक न्याय्य, कारण मार खाणाऱ्यांना विचारलं जातं. फक्त मतदान करायला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्या लागतात, ही अट भारी आहे. मजुरीला गेलेली बाई मत द्यायला यायची तर दिवस बुडतो.

मग 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूचं दुकान नको, 1 एप्रिल 2017 पासून. आदल्याच दिवशी वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी ते अंतर 220 मीटर केलं. पुलापलीकडच्या दुकानदारांनी टेप घेऊन रस्ते मोजायची वेळ आली. वडनेरला मोजायला काही नव्हतं. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात प्रवाशाला म्हणून सवलत होती, इथं प्रवाशापासून म्हणून बंदी. तिकडचा प्रवासी पायी किंवा घोड्यावर होता, इकडचा सोळा चाकांवर आहे, हा फरक न्यायालयाने ओळखला, एवढं नक्की.

इंग्लंडात खेड्यातले पब आता भराभर बंद पडत आहेत. 2011 च्या एका कायद्याने गावकऱ्यांना आपला पब ‘सामूहिक मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येतो. मालकाने विकायला काढला तर गावाला पैसे जमवायला मुदत मिळते. काही गावांनी असे पब वर्गणीतून घेतलेत, आणि एका कोपऱ्यात टपाल, दुसऱ्यात किराणा ठेवलाय. बिअर न घेणाराही त्यामुळे आत येतो.

अशी वर्गणी वडनेरला गोळा करायची झाली तर ती कशासाठी करायची, यावर आमच्या मनात दोन-तीन गोष्टी आहेत, पण त्या आधी तुमच्याकडून ऐकू. माईक पहिल्यांदा मागच्या रांगेतल्या बायांकडे द्या.