तळटीप ७ : ‘शेखबाबूचे पातूर’

७. शेखबाबूचे पातूर – अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव; अकोल्याहून वाशिमच्या वाटेवर, सुमारे ३२ किमी. गावात शेखबाबूंचा दर्गा आहे. त्यांचे नाव जोडले की पातूर नंदापूरशी घोटाळा होत नाही. अथेन्सचे पार्थेनॉन (बांधकाम इ.स.पू. ४४७–४३२) पाहताना लेखकाला आठवतात ती गावालगतच्या टेकडीतली लेणी. तुलना मायेपोटी आलेली, फार ताणू नये : पार्थेनॉन संगमरवरी चिरे रचून उभारले, पातूरची लेणी काळ्या खडकात आत आत खोदत नेली. पार्थेनॉनमध्ये तुर्कांनी दारूगोळा साठवला होता. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफांनी तो उडाला, म्हणून लेखकाला छप्पर दिसले नाही. पुढच्या ओळीतली ‘रेणुकामाय’ पातूरच्याच टेकडीवरची.