स्कॅन झालं, पण सापडतं का?

दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं म्हणून आपण प्रतिमेला हार घालतो, सत्कार करतो, नाश्ता करतो. चांगलंय. पण त्या सभागृहातल्या किती जणांनी शंभर वर्षांपूर्वीचं एखादं मराठी वृत्तपत्र उघडून वाचलेलं असतं? मी विचारून बघितलंय. वाचलेलं नसतं, आणि त्यात त्यांचा दोष कमी आहे.

१९१८ च्या साथीवर लिहायचं म्हणून मी बसलो होतो. आपल्याकडचे म्हातारे तिला 'मानमोडी' म्हणायचे. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर. मला फक्त आमच्या तालुक्यात काय झालं ते हवं होतं. ते सापडलं नाही. त्याच रात्री न्यूझीलंडच्या 'पेपर्स पास्ट'वर इंग्रजीत इन्फ्ल्युएन्झा टाकलं, महिना निवडला, आणि तिथली छोट्या छोट्या गावांची वृत्तपत्रं समोर आली. नोंदणी नाही, पैसे नाहीत. लोकांना वाफेच्या खोलीत उभं करून झिंक सल्फेट हुंगायला लावत होते, हे मला कळलं. माझ्या पणजोबांच्या गावात काय चाललं होतं, ते नाही कळलं.

हे 'पेपर्स पास्ट' २००१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सुरू केलं. तेव्हा फक्त पानांची चित्रं होती, तारीख माहीत असेल तर पान उघडा, एवढंच. शब्दावरून शोधायची सोय पुढे आली. आपले बरेच डिजिटायझेशन प्रकल्प अजून त्या पहिल्या पायरीवरच आहेत, आणि उद्घाटनाचे फोटो मात्र शेवटच्या पायरीचे असतात!

अशी व्यवस्था चांगली की वाईट हे किती लाख पानं चढवली यावरून ठरत नाही. अमेरिकेचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' २००७ पासून आहे, फुकट आहे, पानं दोन कोटींच्या वर. पण ते अख्खं पान समोर टाकतं, बातमी तुम्ही हुडका. ऑस्ट्रेलियाच्या 'ट्रोव्ह'ने आणि न्यूझीलंडने प्रत्येक बातमी वेगळी कापून ठेवली. आठ कॉलमच्या पानात एक ओळ शोधून बघा, फरक कळेल. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह २०११ मध्ये आलं. शोधणं फुकट, वाचणं पैसे देऊन.

'ट्रोव्ह'चं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे त्यांचा प्रामाणिकपणा. यंत्राने छापील अक्षरं ओळखताना केलेल्या चुका ते लपवत नाहीत. यंत्राने वाचलेला मजकूर चित्राशेजारीच ठेवतात आणि वाचकाला म्हणतात, तुम्हीच दुरुस्त करा. २००८ च्या चाचणी आवृत्तीपासून लोक घरी बसून ओळी सुधारताहेत. म्हणून २०२३ च्या सुरुवातीला 'ट्रोव्ह'चा निधी जूनअखेर संपणार अशी बातमी आली तेव्हा लोक गप्प बसले नाहीत. एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलर जाहीर केले. ज्यांनी ओळी दुरुस्त केल्या त्यांना ते आपलं वाटत होतं, असं मला वाटतं.

जिथे चुका झाकून ठेवतात, तिथे 'एकही निकाल नाही' असं दिसलं की माणूस समजतो बातमीच नव्हती. खरं म्हणजे यंत्राला ती वाचता आलेली नसते.

मराठीत हा घोळ दुप्पट आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात 'कांहीं', 'नाहीं', 'तेथें' आहे. आज तुम्ही 'काही' टाइप केलं तर साधं यंत्र 'कांहीं' दाखवणार नाही. अ, झ, ण यांची जुनी वळणं वेगळी. तारखेच्या जागी कुठे शके आणि तिथी. वर शब्दच वेगळा: मी 'मानमोडी' शोधणार आणि संपादकाने 'इन्फ्ल्युएन्झा' छापलेलं असणार, तेही कुणी कसं, कुणी कसं. इंग्रजीसाठी बनवलेली व्यवस्था जशीच्या तशी इथे आणून बसवली तर ती अशीच मुकी राहणार.

यातली गंमत म्हणा की दुर्दैव, इंग्रज सरकार देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवायला दर आठवड्याला त्यांचा इंग्रजी गोषवारा तयार करून घ्यायचं. आज अभ्यासक मराठी वृत्तपत्रांचं मत अनेकदा त्या पाळतीच्या कागदांतून उचलतात, कारण ते इंग्रजीत आहेत, लवकर हाती लागतात. म्हणजे सरकारला जे खटकलं तेवढंच शिल्लक. तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी अनेक दशकं 'दीनमित्र' चालवलं. त्यातली पिकाची, पाण्याची, भटजी-सावकाराची बातमी साहेबाच्या गोषवाऱ्यात किती येणार?

उलट उदाहरणही आहे. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' राज्य सरकारने १९९० मध्ये ग्रंथरूपात छापले, म्हणून ते गावोगावच्या घरांत पोचले. तिथे संगणक नव्हता, इच्छा होती.

तेव्हा तुमच्या गावातलं वाचनालय स्कॅनिंगचं कंत्राट देत असेल तर बिल मंजूर होण्याआधी संगणकासमोर बसा. जुन्या अंकातली तुम्हाला माहीत असलेली एक बातमी आजच्या लेखनात शोधा, मग जुन्या लेखनात. सापडत नसेल तर मजकूर दुरुस्त करायची सोय मागा. आणि मूळ फायली रद्दीत गेल्या नाहीत ना, तेही बघा.

मानमोडीच्या काळातला एखादा मराठी अंक कुणाच्या माळ्यावर असेल तर फोटो पाठवा. वृत्तपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असा, पूर्ण पानाचा.