बोटभर भुसा

नातीने हौसेनं आणलेला हॅमस्टर पहिल्या रात्री झोपलाच नाही, आणि आम्हालाही झोपू दिलं नाही. कर्र कर्र करत तो पिंजऱ्याच्या तारा कुरतडत होता. ‘‘आजोबा, त्याला भूक लागलीय का?’’ वाटीत दाणे तसेच पडले होते. पिंजरा दुमजली, गुलाबी, आत प्लॅस्टिकची घसरगुंडी, आणि तळाला बोटभर भुसा. एका प्रयोगशाळेच्या ॲनिमल हाउसमध्ये माझी सगळी नोकरी पिंजरे धुण्यात गेली आहे. हा आवाज मी झोपेतही ओळखतो. आम्हीही बोटभरच भुसा घालायचो, कारण तो झटकन काढता येई. सोय आमची होती.

हा सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातल्या अलेप्पो भागातला. तिथे डॉक्टरकी केलेल्या अलेक्झांडर आणि पॅट्रिक या रसेल बंधूंनी अलेप्पोच्या निसर्गावर पुस्तक लिहिलं. 1794 साली पॅट्रिकने त्याची वाढवलेली आवृत्ती काढली आणि तीत या प्राण्याच्या गालांतल्या थैल्यांचं वर्णन केलं. थैल्यांत शेंगा इतक्या शिस्तीत रचलेल्या होत्या, की टेबलावर मोकळ्या केल्यावर त्यांचा ढीग खुद्द प्राण्याहून मोठा झाला. आपल्या घोणशीच्या शास्त्रीय नावात जो रसेल आहे, तो हाच पॅट्रिक; ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत त्याने आंध्र किनाऱ्यावर सापांचा अभ्यास केला होता. हॅमस्टरला शास्त्रीय नाव मात्र लंडनच्या वॉटरहाउसने 1839 मध्ये दिलं.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं त्याची फारशी कुणाला आठवण नव्हती. ती काळ्या आजारामुळे झाली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर या रोगावर काम करत होते. प्रयोगाला लागणारे चिनी हॅमस्टर कैदेत पिलं देईनात. दर वेळी नवे मागवावे लागत. त्यांनी प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनींना जवळपासच्या मुलखातली एखादी जात शोधायला सांगितलं. एप्रिल 1930 मध्ये अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतात मजुरांनी खणायला सुरुवात केली. उभं पीक तुडवत सुमारे आठ फूट खाली गेल्यावर आई आणि अकरा पिलं सापडली.

आमच्या रायगडात भात कापून झालं की कातकरी बांधावरची उंदरांची बिळं खणत. मी लहानपणी तिथे उभा राहून पाहिलंय. बीळ वळतं, फुटतं, आणि शेवटी भाताच्या लोंब्यांनी गच्च भरलेली कोठी लागते. अलेप्पोचं खणणं मी तसंच डोळ्यांसमोर आणतो.

पुढची हकीकत गोड नाही. घाबरलेल्या आईने एका पिलाचं डोकं तोडलं, तेव्हा अहरोनींच्या सोबत्याने तिला मारून टाकलं. उरलेली पिलं जेरुसलेमला पोचली आणि तिथल्या प्राणिगृहाचे प्रमुख बेन-मेनाकेम यांच्या ताब्यात गेली. पिंजऱ्याचा तळ लाकडी होता. रात्रीत पाच पिलं तो कुरतडून पसार!

इथे मला हा बेन-मेनाकेम आवडतो. त्याने नुसता तळ मजबूत करून हात झटकले नाहीत. जाळीचा मोठा पिंजरा घेऊन त्यात गवत ठासून भरलं, वर थोडीशीच जागा ठेवली आणि उरलेली मादी आत सोडली. ती गवतात बीळ करत खाली गेली. मग तिचा एक भाऊ सोडला, आणि जोडी जमली. हॅमस्टरला पिलं व्हायला सोळा दिवस पुरतात. वर्षभरात दीडशेच्या आसपास झाली. आज घरोघरी असलेले बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर या घराण्यातले, म्हणजे त्या गवताच्या पिंजऱ्याचे ऋणी.

1931 मध्ये ॲडलरनी काही जोड्या कोटाच्या खिशांतून इंग्लंडला नेल्या. तिथून अमेरिका, मग युद्धानंतर जाहिरातींतून विक्री. प्राणी जगभर पोचला, गवत मात्र वाटेत राहिलं.

जर्मन संशोधकांनी पुढे अलेप्पोच्या शेतांत बिळं मोजली. सरासरी खोली 65 सेंटीमीटर, आणि एका बिळात एकच मोठा प्राणी. 2006 साली स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासकांनी हॅमस्टरना 10, 40 आणि 80 सेंटीमीटर भुशावर ठेवून पाहिलं. दहावाले तारा जास्त कुरतडत होते. माझी अख्खी नोकरी त्या दहात बसते. खरं तर दहाही नव्हते.

सकाळी मी माळ्यावरची जुनी फिश टँक उतरवली, तीन फूट लांब, दोन फूट उंच. कागदाच्या पट्ट्या आणि सुकं गवत मिसळून एका बाजूला हातभर थर दाबून भरला, दुसऱ्या बाजूला वीतभर. त्या बाजूला चाक ठेवलं. दुकानातलं चाक छोटं होतं, त्यात पाठ वाकते. मोठं, 28 सेंटीमीटरचं आणलं. वरून जाळी. दुसऱ्या दिवशी नात रडत आली: ‘‘पळाला!’’ पळाला नव्हता. काचेला चिकटून, तळाशी, गवताच्या गोळ्यात झोपला होता, शेजारी सूर्यफुलाच्या बियांची रास.

घरी हॅमस्टर आणणार असाल, तर घसरगुंडीचे पैसे वाचवा. भुसा हातभर घाला, आणि एका पिंजऱ्यात एकच ठेवा.