संयुक्त महाराष्ट्र समिति : तडजोडीचा एक हिशेब

भिन्न मतांच्या पक्षांनीं एकत्र यावें कीं नाहीं, आणि यावयाचें तर आपलीं तत्त्वें कोठवर बाजूस ठेवावीं, हा प्रश्न केवळ वादानें सुटण्यासारखा नाहीं. घडलेलें एखादें उदाहरण घेऊन कोणी काय सोडलें व काय मिळविलें याचा हिशेब मांडणें हेंच अभ्यासकाचें काम होय. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत अशा हिशेबास संयुक्त महाराष्ट्र समितीइतकें सोयीचें दुसरें प्रकरण आम्हांस दिसत नाहीं.

६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यास समितीची स्थापना झाली. अध्यक्ष कॉ. श्रीपाद अमृत डांगे व सरचिटणीस श्री. एस. एम. जोशी, ही जोडीच मुळीं आश्चर्याची. १९४२ च्या आंदोलनांत श्री. जोशी भूमिगत राहून लढले. कम्युनिस्ट पक्षानें त्याच आंदोलनास विरोध केला होता. समाजवादी मंडळी ही गोष्ट विसरलीं होतीं असें मानण्यास आधार नाहीं. शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदुमहासभा व जनसंघ हेही या जुटींत होते. पैकीं जनसंघ तर एककेंद्री राज्यपद्धतीचा पुरस्कर्ता. भाषावार राज्य ही कल्पनाच त्याच्या मूळ विचारसरणीस जाचणारी. तथापि १९५७ सालीं रत्नागिरीहून लोकसभेवर निवडून गेले ते जनसंघाचे श्री. प्रेमजीभाई आसर, आणि सातारकरांनीं त्याच निवडणुकींत कम्युनिस्ट क्रांतिसिंह नाना पाटील यांस निवडून दिलें.

फेडरेशनची गोष्ट याहून विचार करण्याजोगी आहे. डॉ. आंबेडकरांनीं १९५५ सालीं भाषिक राज्यांसंबंधीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत मराठी मुलखाचे चार भाग सुचविले होते : मुंबई शहर निराळें, आणि पश्चिम, मध्य व पूर्व अशीं तीन राज्यें. मोठ्या एकभाषी राज्यांत बहुसंख्य जातीपुढें अल्पसंख्यांचें काय होईल, ही भीति त्यामागें होती. असें असतां १९५७ ची निवडणूक फेडरेशननें समितीबरोबर लढविली व श्री. दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले. येथें तत्त्व सोडलें काय? आमच्या मतें नाहीं. योजना बदलली, भीति तशीच राहिली. आणि ती निराधार होती असें कोण म्हणेल?

एकंदरीनें समितींतील तडजोड ही एका मागणीपुरती होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळेतोंवर इतर वाद स्थगित, एवढाच करार. वाद मिटविले नव्हते, पुढें ढकलले होते. द्विभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांपैकीं काँग्रेसला २३४ मिळाल्या हें खरें. परंतु पश्चिम महाराष्ट्रांत तिचा जो पराभव झाला तो दिल्लीस विसरतां आला नाहीं. १ मे १९६० रोजीं राज्य झालें. ज्या कामासाठीं जूट केली तें काम झालें, यापरता कोणत्या तडजोडीस अधिक चांगला दाखला मिळावयाचा?

परंतु हिशेबाची दुसरी बाजू आहे, आणि ती पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जावें लागतें. प्रजासमाजवादी पक्ष अखिल भारतीय होता. मुंबईंत त्याचे पुढारी कम्युनिस्टांच्या शेजारीं व्यासपीठावर बसत असतां, केरळांत त्याच पक्षाचे लोक १९५९ सालीं कम्युनिस्ट मंत्रिमंडळाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. ३१ जुलै १९५९ रोजीं श्री. नंबुद्रिपाद यांचें मंत्रिमंडळ केंद्रानें बरखास्त केलें. १९६० च्या निवडणुकींत तेथें काँग्रेस, प्रजासमाजवादी व मुस्लिम लीग एकत्र आले. एकूण १२६ जागांपैकीं काँग्रेसच्या ६३ व प्रजासमाजवाद्यांच्या २०. तरी मुख्यमंत्री झाले प्रजासमाजवादी श्री. पट्टम थाणु पिळ्ळै. लीगला मंत्रिपद न देतां सभापतिपदावर तिची बोळवण केली. म्हणजे जो पक्ष एका प्रांतांत काँग्रेसविरुद्ध कम्युनिस्टांशीं, तोच दुसऱ्या प्रांतांत कम्युनिस्टांविरुद्ध काँग्रेसशीं.

दोन्ही तडजोडी सारख्याच, असें म्हणणारे म्हणोत. आम्हांस त्यांत मोठा भेद दिसतो. महाराष्ट्रांत तडजोडीस एक मर्यादा होती, ती जाहीर होती, आणि सामान्य मतदारास ती ठाऊक होती. केरळांत एका पक्षास सत्तेबाहेर ठेवणें एवढेंच सूत्र. तें साधल्यावर मंत्रिमंडळानें काय करावें यावर एकमत नव्हतें.

समितीचीही पुढील वाट सुखाची नव्हती, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मागणी पुरी होतांच प्रजासमाजवादी बाहेर पडले. १९६२ सालीं नव्या राज्यांतील २६४ जागांपैकीं काँग्रेसला २१५, शेतकरी कामगार पक्षास १५, प्रजासमाजवाद्यांस ९, कम्युनिस्टांस ६ आणि फेडरेशनच्या जागीं आलेल्या रिपब्लिकन पक्षास ३. द्विभाषिकांत याच पक्षांस अनुक्रमें ३१, ३६, १३ व १३ जागा होत्या. मतदारसंघ बदलले असल्यानें हे आंकडे एकमेकांशीं ताडून पाहतांना सावधगिरी हवी. शिवाय मंगलकलश आणल्याचें श्रेय श्री. यशवंतराव चव्हाण यांच्या पदरीं पडलें, हेंही विसरूं नये. पण समितीचे सर्वच पक्ष खालीं आले, जूट सोडणारे तसे न सोडणारेही. तेव्हां तडजोडीच्या पापाचें हें फळ असें म्हणणें आम्हांस धाडसाचें वाटतें. आपापल्या स्थगित प्रश्नांकडे, जमिनीच्या, मजुरीच्या व अस्पृश्यतेच्या, परत वळण्यास त्यांस फार उशीर झाला, हें मात्र खरें.

केरळची जूट १९६२ च्या अखेरीपर्यंतही टिकली नाहीं. श्री. पिळ्ळै यांस पंजाबचें राज्यपालपद मिळालें, मुख्यमंत्रिपद काँग्रेसचे श्री. आर. शंकर यांजकडे गेलें, आणि प्रजासमाजवादी लवकरच मंत्रिमंडळाबाहेर आले.